राखाडी कार्ड

नाना लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी पालथे पडले होते. एक चप्पल पायात होती, दुसरी वरच्या पायरीत अडकलेली. खालच्या खोलीला खिडकी नव्हती. हवालदाराच्या बॅटरीच्या उजेडात त्यांचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता.

वर, फोटो स्टुडिओच्या एडिटिंगच्या खोलीत मात्र दिवा लख्ख जळत होता. संगणक चालू होता आणि पडद्यावर मोरपिशी कापडाचा फोटो होता.

"सकाळी आलो, किल्ली लावून दार उघडलं," नानांचा धाकटा भाऊ सांगत होता. "वर दिवा दिसला. म्हटलं, रात्रभर कामच करत बसले की काय. हाका मारल्या. मग खाली डोकावलो, तर..."

निरीक्षक बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून खाली बघत होत्या. ठाण्यात त्यांना पाठीमागे सगळे 'आत्या' म्हणत. लग्न ठरवायला आलेल्या आत्येबाईसारखे त्या प्रश्न विचारत, आणि उत्तर मिळालं तरी त्यांचं समाधान होत नसे.

"जिन्यात दिवा नाही?"

"आहे ना. उडालाय वाटतं."

आत्यांनी हवालदाराला खूण केली. त्याने हातरुमालाने बल्ब मुळाशी धरून घट्ट पिळला. बल्ब लागला.

"सैल झाला असेल," धाकटा म्हणाला.

"असेल," आत्या म्हणाल्या. पण बल्बवर कोणाचेच ठसे निघाले नाहीत. इतकंच काय, त्याच्यावर धूळही नव्हती. आणि त्या खोलीत धुळीला काही तोटा नव्हता. बल्ब कोणीतरी पुसला होता. म्हणजे नाना पडले नव्हते, त्यांना पाडलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी नानांच्या मुलीला अटक झाली.

मोठ्या साहेबांना घाई होती, आणि खरं सांगायचं तर पुरावाही तसाच होता. स्टुडिओच्या किल्ल्या तिघांकडे. एक नानांकडे, एक धाकट्याकडे, एक मुलीकडे. धाकटा दिवस मावळल्यापासून मध्यरात्र उलटेपर्यंत एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात फोटो काढत होता. त्याला शेकडो लोकांनी पाहिलं होतं. संगणकाच्या नोंदीप्रमाणे नाना रात्री अकराच्या सुमारापर्यंत फोटोंवर काम करत होते. आणि त्याच सुमाराला समोरच्या बँकेच्या रखवालदाराने मुलीला स्टुडिओच्या दारात पाहिलं होतं. ती दार ठोठावत होती, ओरडत होती, मग रडत निघून गेली.

"दुपारी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं, हे तीच कबूल करते," साहेब म्हणाले. "बाप आत काम करत बसलाय, पोरगी दार ठोठावते आणि तो उघडत नाही? कोणाला पटेल? ती आत गेलीच असणार. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

आत्यांना काय पाहिजे ते सांगता येत नव्हतं. शिवाय साहेबांपुढे शहाणपण चालत नाही, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

ठाण्याच्या बाकावर नानांच्या पत्नी बसल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे. त्या रडत नव्हत्या. आत्या बाहेर आल्या तशा त्या उठल्या आणि त्यांनी आत्यांचा हात धरला.

"बाई, नवरा गेला माझा. आता पोरगीही नेलीत. मी घरी जाऊन कोणाच्या तोंडाकडे बघू?"

आत्यांनी हात सोडवून घेतला नाही, एवढंच.

*

"भांडण कशावरून झालं?" कोठडीत आत्यांनी विचारलं.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. वय तिशीच्या आतलं. डोळे सुजलेले. "फायलींवरून," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटल्यासारखं झालं. "हसाल तुम्ही."

"मी क्वचितच हसते. सांग."

"आम्ही रॉमध्ये फोटो काढतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने जसं पाहिलं तसंच्या तसं. प्रचंड मोठ्या फायली. एडिटिंग केलं तरी मूळ रॉ बदलत नाही. उजेड किती वाढवला, रंग किती बदलला, ते शेजारी एका छोट्या फायलीत लिहिलं जातं, वेळेसकट. शिंपी कापडाला कात्री न लावता नुसती मापाची चिठ्ठी टाचून ठेवतो ना, तसं. शेवटी त्या दोन्हींवरून गिऱ्हाइकाला द्यायचा फोटो तयार करायचा."

"मग भांडायला काय झालं?"

"नाना रॉ कधी टाकत नसत. एकही नाही. डोळे मिटलेले, पाय कापले गेलेले, काळेकुट्ट, सगळे ठेवायचे. डिस्का भरून वाहतायत. काका कितीतरी दिवस सांगतायत, चांगले निवडा, पक्के फोटो करा, मूळ फेकून द्या. मलाही ते पटत होतं. त्या दुपारी मी काकांची बाजू घेतली. म्हटलं, नाना, तुम्ही कचरा साठवताय. ते म्हणाले, मूळ आहे तोवर कोणाला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, इथे खोटं बोलायला बसलंय कोण! ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, चालती हो."

तिने डोळे पुसले.

"रात्री माफी मागायला गेले होते. किल्ली दुसऱ्या पिशवीत राहिली होती. दिवा दिसत होता. दार उघडेनात, म्हणून मला वाटलं, राग आहे अजून."

"नाना काम कसं करायचे? पहिल्यापासून सांग."

"आधी कॅमेऱ्यातल्या कार्डावरचं सगळं संगणकाच्या डिस्कवर. मग खालच्या कपाटातली दुसरी डिस्क आणून तिच्यात. दोन्हीकडे नीट उघडतंय ना, ते बघायचं. तोपर्यंत फोटोला हात लावायचा नाही. दोन ठिकाणी नसलेला फोटो हा फोटोच नव्हे, असं म्हणायचे. मग निवड. काका निवडताना लाल-हिरव्या खुणा लावतात. नाना नुसते तारे द्यायचे. त्यानंतर रंग. त्यांच्या खिशात एक राखाडी कार्ड असायचं. प्रत्येक कामाच्या पहिल्या फोटोत ते समोर ठेवायचे. संगणकाला तो राखाडी दाखवला की खरे रंग कोणते ते त्याला कळतं आणि तो रंगाचा एक आकडा काढून देतो. तोच आकडा मग सगळ्या फोटोंना."

"डोळ्यांनी बघून नाही?"

"कधीच नाही. काका चेष्टा करायचे. म्हणायचे, दादा, तुझ्या डोळ्यांना काय रजा दिलीय का?"

*

धाकट्याने आत्यांना सगळं न कंटाळता दाखवलं. सुतकातला माणूस, पण कामाचा विषय निघाला की त्याचे हात आपोआप चालत.

"हे दादांचं शेवटचं काम. कापड गिरणीचं. सकाळी इथेच काढले फोटो."

पडद्यावर कापडाचे तागे ओळीने लागले होते. विटकरी, पोपटी, जांभळा, डाळिंबी. आत्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण रंग डोळ्यांना गोड लागत होते. प्रत्येक फोटोशेजारी रंगाचा आकडा होता.

"हे आकडे सगळ्यांचे वेगळे?"

"कापड वेगळं, रंग वेगळा. ज्याला त्याला बघून लावावं लागतं."

"याच्या आधीचं काम दाखवा."

रोपवाटिकेच्या फुलांचे फोटो उघडले. तऱ्हेतऱ्हेची फुलं. आकडा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. आत्यांनी 'बरं' म्हटलं.

"आणि तुमची पद्धत?"

"माझी सुटसुटीत. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे बघायचे, निवडक तेवढेच उतरवायचे. बाकीचा केर घरात आणायचाच कशाला? समारंभात तर तिथल्या तिथे लॅपटॉपवर करून देतो. त्या रात्रीही जेवणं चालली होती तेव्हा कोपऱ्यात बसून करतच होतो. विचारा कोणालाही."

"विचारलंय. खालच्या कपाटातली दुसरी डिस्क बघू."

ती जोडली. फुलांचं काम तिच्यात होतं. कापडाचं नव्हतं.

"राहिलं असेल घालायचं," धाकटा म्हणाला.

आत्या मागे मागे जात राहिल्या. फोटोंना कॅमेऱ्याने दिलेले क्रमांक ओळीने होते, अगदी धूसर फोटोंचेही. महिन्याभरापूर्वीच्या एका ठिकाणी मात्र ओळ तुटली होती. मधले बरेच क्रमांक नव्हते. संगणकावरही नव्हते आणि दुसऱ्या डिस्कवरही नव्हते.

"हे कुठे गेले?"

"खराब निघाले असतील. दादांनी काढून टाकले असतील."

"असतील," आत्या म्हणाल्या. दोन्ही डिस्का त्यांनी पिशवीत घातल्या. "या मी नेते. आणि तुमचा लॅपटॉपही."

जाता जाता त्यांनी रखवालदाराला गाठलं. सकाळी धाकटा कधी आला? तो म्हणाला, झाडणारे रस्ता झाडत होते तेव्हा. पोलिसांना फोन आला तो मात्र दुकानं उघडल्यावर.

*

काकूंनी नानांचं कपाट उघडून दाखवलं. सगळे सदरे पांढरे.

"एवढे पांढरे?"

"मीच आणायची. मोजेसुद्धा मी काढून द्यायची. एकटे गेले की काहीतरी अवतार करून यायचे."

"हौस नव्हती?"

"हौस होती हो! पण..." काकू थांबल्या. "आणि टोमॅटो आणायला पाठवावं तर हिरवेगार घेऊन यायचे. पुढेपुढे मी पाठवणंच सोडलं."

आत्यांनी कपाटाचं दार लावलं. मग त्या काकूंच्या शेजारी पलंगावर बसल्या आणि त्यांनी हळू आवाजात एक प्रश्न विचारला. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्हाला कोणी सांगितलं? मी मेले तरी कोणाला सांगणार नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी मला."

"तुम्ही सांगितलं नाहीत तर पोरगी सुटायची नाही, काकू."

काकू रडल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी मान हलवली.

*

डिस्का तपासणाऱ्यांचा अहवाल आला त्या दुपारी आत्यांनी सगळ्यांना एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. मुलीला कोठडीतून आणलं होतं. काकू तिच्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या. मोठे साहेब घड्याळाकडे बघत दारात उभे होते. धाकटा संगणकापुढच्या खुर्चीत होता.

"नानांनी त्या संध्याकाळी आणि रात्री फोटोंवर काम केलंच नाही," आत्यांनी सुरुवात केली.

"संगणकात नोंद आहे," साहेब म्हणाले.

"नोंद छोट्या फायलींमध्ये आहे, साहेब. त्या कुठेही तयार करून इथे आणून ठेवता येतात. कापडाच्या फोटोंना रंग लावताना प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे. डोळ्यांनी बघून लावलेला. नाना डोळ्यांनी रंग लावत नसत."

"एखाद वेळी लावले असतील," धाकटा म्हणाला. "गिरणीचं काम नाजूक होतं."

"लावणं शक्यच नव्हतं. नाना रंगांधळे होते."

मुलीने आईकडे पाहिलं. काकूंनी खाली बघत मान हलवली.

"लाल आणि हिरवा त्यांना सारखेच दिसत. म्हणून पांढरे सदरे. म्हणून खुणा न लावता तारे. म्हणून ते राखाडी कार्ड. फोटो काढणाऱ्याला रंग कळत नाहीत, हे धंद्यात फुटलं असतं तर दारात कोणी उभं राहिलं नसतं. म्हणून सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांची चेष्टा केलीत, पण ती चेष्टा खरी असेल असं तुम्हाला कधी वाटलं नाही."

धाकट्याने माऊसवरचा हात काढून घेतला.

"तुम्हाला नानांची पद्धत ठाऊक होती. तारे बरोबर दिलेत. आकडाही एकच लावला असता, पण कार्डाचा फोटो तुमच्याजवळ नव्हता. तुमच्या सवयीप्रमाणे तुम्ही लॅपटॉपवर फक्त निवडक कापडं घेतलीत. कार्डाचा फोटो म्हणजे तुमच्या हिशेबी केर. समारंभात बसल्यावर लक्षात आलं असेल, पण तेव्हा उठून येता येत नव्हतं. मग नजरेनेच लावलेत. छान लावलेत. रंग दिसणाऱ्या माणसाने लावलेत."

"लॅपटॉपवर तसलं काही नाही," धाकटा म्हणाला.

"तुम्ही पुसलंत म्हणून नाही. आमच्या लोकांनी ते परत काढलंय. सकाळी लवकर येऊन तुम्ही त्या फायली इथे उतरवल्यात आणि मग दुकानं उघडल्यावर आम्हाला फोन केलात."

"पण का?" मुलगी एकदम ओरडली. "काका का करतील असं?"

आत्यांनी पिशवीतून दोन मोठे फोटो काढून टेबलावर ठेवले. अर्धवट बांधलेली एक इमारत. तिच्या बाहेरून बांधलेली उंच परांची. एका फोटोत परांचीला कठडा होता आणि खाली जाळी होती. दुसऱ्यात दोन्ही नव्हतं.

"महिन्याभरापूर्वी या परांचीवरून तीन मजूर पडून मेले. त्याच्या काही दिवस आधी कंत्राटदाराने या तुझ्या काकांकडून इमारतीचे फोटो काढून घेतले होते. चौकशीत दाखल झाला तो हा पहिला. कठडा होता, जाळी होती, मजूर स्वतःच्या चुकीने मेले. यांनी कठडा आणि जाळी मागाहून घातली. बदल्यात कंत्राटदाराचं वर्षभराचं काम."

"आणि दुसरा?" साहेब आता दारातून आत आले होते.

"दुसरा मूळ रॉमधला. नाना एकही मूळ टाकत नसत, यांनी काढलेलंसुद्धा. यांच्या कार्डावरचं सगळं ते आपणच उतरवून ठेवत. चौकशीतला फोटो वर्तमानपत्रात आला. नानांनी मूळ उघडून पाहिलं. रंग कळत नसले तरी कठडा नाही हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. मूळ फेकून द्या, असं हे इतके दिवस का म्हणत होते, ते नानांच्या लक्षात आलं. त्या दुपारी मुलगीही तेच बोलली, तेव्हा त्यांना केवढं लागलं असेल!"

मुलीने तोंडावर हात घेतला.

"संध्याकाळी नानांनी यांना सांगितलं असणार, उद्या मूळ फोटो चौकशीला देणार. मग ते रोजच्यासारखे दुसरी डिस्क आणायला जिन्याकडे गेले. बल्ब आधीच सैल करून ठेवला होता. मागून धक्का बसला. यांनी वरच्या डिस्कवरून परांचीचे फोटो पुसले आणि हे समारंभाला गेले. सकाळी खालची डिस्क आणून तीही पुसली. त्याच वेळी तिच्यात कापडाचे फोटो घातले असते तर मला निम्मंही सुचलं नसतं. नाना दुसऱ्या डिस्कशिवाय कामाला हात लावत नसत. पण यांच्या पद्धतीत दुसरी डिस्क नसतेच. ती यांना पुसायला आठवली, भरायला नाही. आणि पुसल्यावर तिच्यावर नवीन काही लिहिलंच गेलं नाही, म्हणून आमच्या माणसांना सगळे फोटो परत मिळाले."

साहेबांनी घसा साफ केला. "मुलीला सोडा," ते हवालदाराला म्हणाले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती.

धाकटा अजूनही खुर्चीत बसून होता. त्याने नाकारलं नाही. "मी पाय धरले त्याचे," तो म्हणाला. "म्हटलं, दादा, माणसं तर गेलीच, आता मला कशाला मारतोस? तो म्हणाला, उद्यापर्यंत तूच जाऊन सांग, मी बरोबर येतो. बरोबर येतो म्हणाला. मला नव्हतं जायचं."

काकू उठल्या. हवालदार मध्ये जाणार होता, पण आत्यांनी त्याला थांबवलं. हा दीर शाळेत जात होता तेव्हापासून काकूंच्या हातचं जेवला होता. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात उगारला नाही, की शिव्याशाप दिले नाहीत.

"भाऊजी, डॉक्टर म्हणाले, पडल्यावर हे तासभर तरी जिवंत होते. तुम्ही वर होतात तेव्हा काही बोलले का?"

धाकट्याने मान खाली घातली.

"मला ऐकायचंय. बोलले का काही?"

"हाक मारली."

"कोणाला?"

"मला." त्याचा आवाज फुटला. "कोणी ढकललं ते कळलंच नव्हतं त्याला, वहिनी. त्याला वाटलं, पाय घसरला. खालून म्हणाला, अरे, दिवा गेलाय, तू धावत येऊ नकोस, पडशील."

काकू तिथेच खाली बसल्या. मुलीने त्यांना मागून घट्ट धरलं.